यंत्राला भाषा कळते काय?

हल्ली मोबाईलला मराठीत प्रश्न विचारला, की तो मराठीतच उत्तर देतो. मग वस्तीतले पालक आम्हाला विचारतात, "भाऊ, हे यंत्र माणसासारखा विचार करते काय?"

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठात १० ते १२ सप्टेंबर १९५६ या दिवसांत एक परिसंवाद भरला होता. त्यात ११ तारखेला यंत्र, मन आणि भाषा हे तिन्ही विषय एकाच सभेत आले. अ‍ॅलन न्यूएल व हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्राचे सिद्धांत सिद्ध करणारा संगणकाचा कार्यक्रम मांडला. जॉर्ज मिलर स्मरणशक्तीवर बोलले. माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी ध्यानात धरतो, गट पाडले की अधिक मावते, हे त्यांनी त्याच वर्षी दाखवले होते. आपणही दहा आकडी नंबर तुकडे करूनच सांगतो.

तिसरे वक्ते नोम चॉम्स्की, वय अवघे २७. ते म्हणाले, एका शब्दामागून पुढचा कोणता येईल, एवढ्या हिशेबाने व्याकरण उलगडत नाही. आपले वाक्य घ्या : "ज्या मुलीने काल बाजारातून भाजी आणली, तीच आज पहिली आली." 'ज्या'ची गाठ दूरच्या 'ती'शी आहे.

आजची यंत्रे मात्र अफाट लिखित मजकुरातून पुढचा शब्द ओळखायलाच शिकली आणि सफाईने बोलू लागली. तरी ही खरी समज नव्हे, असे चॉम्स्की यांनी मार्च २०२३ मध्ये लिहिले. वाद अजून मिटलेला नाही.

आपण यातून काय घ्यावे? लहान लेकरू 'मारलं', 'धरलं' ऐकून 'करलं' म्हणते. आपण हसतो. पण हा नियम त्याला कुणी शिकवला नाही, तो त्याने स्वतः शोधला! मजुराचे लेकरू असो की प्राध्यापकाचे, ही बुद्धी दोघांकडे सारखीच आहे. तेव्हा घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून पोराला गप्प बसवू नका. शाळेची भाषा त्याने जरूर शिकावी, पण घरची टाकून नव्हे.

आणखी एक. यंत्र मुख्यतः लिहिलेलेच वाचून शिकते. आपल्या आजीचे शब्द कुठे लिहिलेलेच नसतील, तर ते त्याला कळणार कसे? आज रात्री मुलांना वही द्या आणि आजीजवळ बसवा.