राखणीच्या कुत्र्याचा आहार : जीवनसत्त्वे व तेल यांची खरी गरज

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नाही. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो व कांदा पिकतो. त्यामुळे अनेक शेतकरी गावठाण सोडून मळ्यात वस्ती करून राहतात. गोठा, कांद्याची चाळ आणि घरातील लहान मुले यांची रात्रीची राखण दाराशी बांधलेल्या कुत्र्यावर असते. पूर्वेकडील कोरडवाहू भागात मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर तर कुत्र्यावाचून रात्र काढणे कठीण. उसाच्या आश्रयाने राहणाऱ्या बिबट्यांमुळे ही गरज अधिकच वाढली आहे.

अशा या राखणदाराच्या वाट्याला आहार मात्र ठराविकच येतो : शिळी भाकरी, आमटीचे पाणी आणि कधी ताक. अलीकडे औषधांच्या दुकानांतून कुत्र्यांसाठी जीवनसत्त्वांची औषधे, माशाच्या तेलाच्या कुप्या व 'टॉनिके' मिळू लागली आहेत. कुत्र्याचे केस गळू लागले अथवा ते रोडावले, की अशी कुपी आणण्याकडे ओढा दिसतो. ही औषधे केव्हा उपयोगी पडतात, केव्हा निरुपयोगी ठरतात आणि केव्हा अपाय करतात, हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

कुत्र्यांनी शिकविलेले शास्त्र

जीवनसत्त्वांविषयीचे मानवाचे ज्ञान बऱ्याच अंशी कुत्र्यांवरील प्रयोगांतून आले आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी घरात बंद ठेवलेल्या पिलांना मुख्यतः धान्याचा आहार दिला, तेव्हा त्यांना मुडदूस झाला. आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले असता तो टळला. हे निष्कर्ष १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्या तेलातील गुणकारी घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा आहे, हे अमेरिकेतील मॅक्कॉलम यांनी १९२२ साली दाखविले आणि त्याला 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

दुसरे उदाहरण भाकरी खाणाऱ्या प्रदेशास अधिक जवळचे आहे. कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होतो. तोंड येते, जीभ काळसर पडते, कुत्रे खाणे सोडते. अमेरिकेतील एल्व्हेजेम यांनी १९३७ साली निकोटिनिक आम्ल देऊन हा रोग बरा केला आणि त्यावरून माणसांतील पेलाग्रा या रोगाचाही उपाय सापडला. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांना ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा आढळला होता. त्यांनी कुत्र्यांना ज्वारीप्रधान आहार दिला असता त्यांनाही काळी जीभ झाली. १९६५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्वारी हे वाईट धान्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. एकाच धान्यावर शरीर पोसता येत नाही, हा त्याचा अर्थ होय. आणि तो माणसाला व कुत्र्याला सारखाच लागू आहे.

काय शरीरात तयार होते, काय अन्नातून यावे लागते

कुत्र्याचे यकृत 'क' जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. निरोगी कुत्र्यास त्याच्या गोळ्या देण्याचे कारण नाही. गाजर, भोपळा व पालेभाज्यांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीही कुत्र्यात असते. 'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. माणसाच्या त्वचेत ते उन्हामुळे तयार होते; कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्या कुत्र्यालाही ते अन्नातूनच मिळावे लागते. अंड्याचा बलक, मासळी व यकृत ही त्याची साधने होत.

नुसत्या भाकरीवरील कुत्र्यात खरी उणीव पडते ती प्रथिने, कॅल्शियम, 'अ', 'ड' व काही 'ब' जीवनसत्त्वे यांची. धान्याच्या कोंड्यातील काही द्रव्ये जस्ताचे शोषणही कमी करतात. त्यामुळे डोळ्यांभोवती व तोंडाभोवती खपल्या धरून केस जाऊ शकतात. वाढत्या पिलांत व दूध पाजणाऱ्या कुत्रीत या उणिवा लवकर प्रकट होतात.

तेल कोणते व किती

तेल दोन कारणांसाठी उपयोगी आहे. एक म्हणजे त्यातून ऊर्जा मिळते : एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ कॅलरी, तर तेवढ्याच पिष्टातून सुमारे ४. दुसरे म्हणजे लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल कुत्र्याचे शरीर बनवू शकत नाही आणि त्याच्या अभावी त्वचा कोरडी व केस निस्तेज होतात. करडईच्या तेलात हे आम्ल भरपूर असते. सूर्यफूल व सोयाबीनच्या तेलातही पुरेसे असते. घरातील तेलाने भागणाऱ्या या गरजेसाठी महाग कुपी आणावयास नको.

वीस किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाला साधारण १००० ते ११०० कॅलरी लागतात. एका लहान चमच्याभर, म्हणजे ५ मिलिलिटर तेलातून त्यांपैकी सुमारे ४० मिळतात. भाकरीवर वाढणाऱ्या अशा कुत्र्यास एवढे तेल पुरेसे आहे. अधिक तेलाने जुलाब होतात, चरबी वाढते आणि स्वादुपिंडास सूज येण्याचा धोका असतो. पुन्हा पुन्हा तळणीस वापरलेले वा खवट तेल मुळीच देऊ नये. ते 'ई' जीवनसत्त्व नष्ट करते.

माशाच्या तेलाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. माशाच्या शरीरातून काढलेल्या तेलात ओमेगा-३ मेदाम्ले असतात. खाजेच्या व सांध्यांच्या काही विकारांत पशुवैद्यक ते सुचवितात. यकृतातून काढलेल्या तेलात 'अ' व 'ड' जीवनसत्त्वे दाट असतात. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड तेल येईनासे झाले, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशी माशाच्या यकृताचे तेल काढले जाऊ लागले, ते याच गुणासाठी. एकाऐवजी दुसरे वापरणे हितावह नाही.

अतिरेकाचा अपाय

'ब' गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि जास्त झाल्यास बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. 'अ' व 'ड' मात्र चरबीत विरघळतात व शरीरात साठून राहतात. 'अ' अति झाल्यास हाडे व सांधे दुखावतात. 'ड' अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणसांना आठवड्यातून एकदा दिली जाणारी ६०,००० युनिटांची 'ड' जीवनसत्त्वाची मात्रा १५ किलोच्या कुत्र्यास विषारी ठरू शकते. घरातील औषधे कुत्र्यास देऊ नयेत, ती याच कारणाने. मोठ्या जातीच्या पिलांना मनाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यानेही हाडांची वाढ बिघडते.

केस गळणे म्हणजे जीवनसत्त्वांची उणीव, हा समजही तपासून घ्यावयास हवा. खेड्यातील कुत्र्यांत त्याचे कारण बहुधा खरूज, गोचीड, पिसवा वा जंत असते. यंत्रातील जळके तेल खरजेवर चोपडण्याची रीत घातक आहे. कुत्रे अंग चाटते व ते विषारी तेल पोटात जाते.

कच्चे यकृत आणि गावाचे आरोग्य

यकृत पौष्टिक असले, तरी कच्चे यकृत वा फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकणे हा साऱ्या वस्तीला धोका आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती हातांवाटे, पाण्यावाटे वा पालेभाजीवाटे माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुफ्फुसात तशाच गाठी होतात. हाच हायडॅटिड रोग होय. गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच बाजूने गोल फिरू लागते, त्या रोगाचे मूळही कुत्र्याच्या पोटातील दुसऱ्या एका फीतकृमीत असते.

यावर उपाय साधे आहेत. यकृत अर्धा तास उकळून, थोड्या प्रमाणात, आठवड्यातून एखादे वेळी द्यावे. मेलेले जनावर व कापणीचे अवशेष खोल पुरावेत. पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने कुत्र्यास प्राझिक्वांटेल हे जंतनाशक द्यावे. हे औषध कोणत्याही टॉनिकाहून अधिक मोलाचे आहे.

घरच्या घरी पुरेसा आहार

भाकरी वा भातासोबत शिजविलेली डाळ, उकडलेले अंडे, ताक किंवा दही, शिजविलेला भोपळा वा गाजर आणि चमचाभर तेल, एवढ्याने बहुतेक उणीव भरून निघते. बाजारातील सुकी मासळी भिजवून, मीठ धुऊन व शिजवून दिल्यास प्रथिने व कॅल्शियम मिळते. तयार पूर्णाहार खाणाऱ्या निरोगी कुत्र्यास वेगळी जीवनसत्त्वे लागत नाहीत.

या दोन तालुक्यांनी विशेष जपावयाच्या गोष्टी दोन. येथे विपुल पिकणारा कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो, मग तो कच्चा असो वा शिजविलेला. लसणाचाही तोच दोष. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास अपाय करतात. कांदा घातलेले कालवण आणि बागेतील गळालेले द्राक्षमणी कुत्र्यापासून दूर ठेवावेत. बुरशी धरलेली भाकरी, मका वा शेंगदाण्याची पेंडही त्याला प्राणघातक ठरू शकते.

पोषण आणि राखण

शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचा आढळला. कितीही धष्टपुष्ट कुत्रे असले, तरी उघड्यावर साखळीने बांधल्यास ते राखणदार न राहता भक्ष्य होते, आणि त्याच्या ओढीने बिबट्या दाराशी येतो. रात्री त्यास बंदिस्त निवारा देणे हाही त्याच्या संगोपनाचा भाग आहे.

ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून ठरलेल्या दिवशी रेबीजची लस टोचणे, जंतनाशक देणे व आहाराविषयी सल्ला देणे, ही तिन्ही कामे एकत्र केली, तर थोड्या खर्चात मोठा लाभ होईल. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुण्याची सवय शाळेत शिक्षकांना लावता येईल. कुपीतील औषधाची गरज काहीच कुत्र्यांना असते आणि ती पशुवैद्यकाने ठरवावयाची असते. सकस घास, जंतनाशक, लस आणि रात्रीचा निवारा यांची गरज मात्र प्रत्येक राखणदाराला आहे.