मिनीडीव्ही कॅसेट आणि फायरवायर कार्ड

जालना जिल्ह्यात ज्या घरांत किंवा फोटो स्टुडिओंत 2000 च्या आसपासची लग्ने, राजूरच्या गणपतीची अंगारकी वा जांब समर्थची रामनवमी मिनीडीव्ही कॅसेटवर टिपून ठेवलेली असेल, तेथे ती संगणकावर उतरवण्यासाठी फायरवायर कार्ड हाच सर्वांत भरवशाचा मार्ग होय. या कॅसेटवरील चित्र मुळातच डिजिटल, म्हणजे शून्य व एक यांच्या मालिकेत साठवलेले असल्याने, 1995 मध्ये आयईईई 1394 या नावाने प्रमाणित झालेली ही जोडणी ते जसेच्या तसे उतरवते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरीने मात्र ते आधी ॲनालॉग होते आणि त्यातील बारकावे हरवतात. व्हीएचएस कॅसेट मुळातच ॲनालॉग असल्याने तिला अर्थातच फायरवायरचा मार्ग थेट लागू पडत नाही.

कार्ड घेण्यापूर्वी संगणकाचे झाकण उघडून पाहावे, कारण जुन्या मदरबोर्डवरील पीसीआय आणि नव्यावरील पीसीआय एक्स्प्रेस या खाचा वेगळ्या असून एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असल्यास उत्तम. कॅमेऱ्याचे सॉकेट बहुधा चार पिनांचे, तर कार्डाचे सहा पिनांचे असते आणि सहा पिनांतून वीजही वाहत असल्याने केबलचे टोक उलटे दाबून बसवल्यास सर्किट जळू शकते. यूएसबीला फायरवायरचे तोंड लावून देणारे स्वस्त अडॅप्टर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण दोन्हींची संदेशपद्धतीच निराळी आहे. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि तिला सुमारे 13 जीबी जागा लागते.