पुस्तक नको म्हणणारे मूल

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यातील शाळांतून २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. योगायोग असा, की ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिनही येतो. हे दोन्ही दिवस शाळांनी एकत्रच पाळावेत, असे मला वाटते.

कारण त्या दिवशी वर्गात नीट पाहिले तर दोन-चार मुले नुसती पाने उलटताना दिसतात. थोड्याच वेळात ती डोळे चोळू लागतात, शेजाऱ्याच्या खोड्या काढतात. 'आळशी आहे', 'लक्ष नाही' असा शेरा मग चटकन मिळतो. डोळे तपासलेत का, असे मी विचारले की पालक म्हणतात, "डॉक्टर, फळ्यावरचं त्याला सगळं दिसतं हो!"

इथेच फसगत होते. मायनस नंबरच्या मुलाला फळा दिसत नाही, म्हणून ते लवकर सापडते. पुस्तक मात्र ते नाकाशी धरून तासन्‌तास वाचते. प्लस नंबरच्या मुलाचे उलटे असते. मुलांच्या डोळ्यातील भिंग लवचिक असते. स्नायूंवर ताण देऊन ते लांबचे स्पष्ट पाहू शकते. सहा मीटरवरच्या तक्त्याची परीक्षाही ते पास होते. जवळच्या वाचनाला हा ताण आणखी वाढतो आणि मग कपाळ दुखते, अक्षरे पुसट होतात. अशा मुलाला पुस्तक नकोसे होणारच. खरा नंबर कळण्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांत थेंब घालून तपासणी करावी लागते.

दुसरा दोष याहून लबाड. एकाच डोळ्याला जास्त नंबर असेल तर मूल दुसऱ्या डोळ्याने सारे निभावते आणि मेंदू अधू डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो, पुढे ते अवघड होत जाते. म्हणून पहिली-दुसरीच्या गुरुजींनी व बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक डोळा तळहाताने झाकून (दाबून नव्हे) मागच्या बाकावरून फळा वाचायला लावावा. पाच मिनिटांचे काम आहे.

डोळे निर्दोष, तोंडी उत्तरे चोख, पण वाचताना मूल अडखळते, अक्षरे गाळते, असे असेल तर डिस्लेक्सियाचा विचार करावा. हा बुद्धीचा दोष नव्हे आणि चष्म्याने तो जातही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत मोफत तपासणी करते. पुढील तपासणीसाठी त्यांनी दिलेली चिठ्ठी मात्र पुष्कळदा दप्तरातच राहते. मुलगी असेल तर 'चष्मा लागला तर पुढे लग्नाचे काय?' हा प्रश्न आडवा येतो. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. न लावल्यास लहान वयात डोळा कायमचा अधू राहू शकतो. ती चिठ्ठी घेऊन दिवाळीच्या सुटीतच जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जावे.