जुन्या मोटारीचें चार चाकांचें चालन : हिवाळ्यापूर्वीची परीक्षा

पावसाळा सरून रब्बीचा हंगाम सुरू झाला, कीं शेतकऱ्याच्या मोटारीची खरी कसोटी लागते. पाटाच्या पाण्यानें भिजलेली काळी जमीन, उसाच्या फडाकडे जाणारी चिखलाची वाट आणि पहाटेच्या दंवानें निसरडा झालेला चढ, यांतून माल बाहेर काढावयाचा असतो. याच कामासाठीं कित्येक शेतकरी बंधु चारही चाकांस गति देणारी जुनी जीप किंवा जिप्सी विकत घेतात. परंतु ऐन वेळीं दांडा ओढावा आणि पुढच्या चाकांनीं मुळींच जोर धरूं नये, असा प्रकार जुन्या गाडीच्या बाबतींत वारंवार घडतो. मग पेटी खोलण्याची गोष्ट निघते आणि एका हंगामाची बचत त्यांतच खर्चीं पडते. वास्तविक दोष पुष्कळदां पेटींत नसून फाटक्या रबरी नळींत, गंजलेल्या सांध्यांत किंवा असमान टायरांत असतो. यासाठीं पेटी न खोलतां दोषाचें ठिकाण कसें ओळखावें, तें आम्ही येथें क्रमानें सांगत आहों.

यंत्राची रचना

इंजिनाची शक्ति गिअर बॉक्समधून ट्रान्स्फर केस नांवाच्या दुसऱ्या पेटींत येते. तेथून मागील आंसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट गाडी चालतांना नेहमींच फिरतो. दांडा ओढला म्हणजे पुढील आंसाचा शाफ्टही त्यास जोडला जातो. प्रत्येक आंसाच्या डिफरन्शियलमुळें वळणावर डाव्या व उजव्या चाकांस कमीअधिक फिरण्याची मोकळीक मिळते. पुढील व मागील आंसांमध्यें मात्र या जातीच्या गाड्यांत अशी मोकळीक नसते. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. चिखलांत किंवा बर्फांत चाक किंचित् घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरत नाहीं आणि सर्व ताण दांत्यांवर पडतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर हें चालन कधींही लावूं नये.

प्रथम टायर पाहावे

चारही टायर एकाच मापाचे, सारख्याच झिजेचे व योग्य हवेचे असावे. विक्रीपूर्वी दोनच टायर नवे घालून गाडी उजळण्याची चाल आहे. प्रत्येक टायरचा घेर फितीनें मोजावा. पुढच्या व मागच्या घेरांत फरक असल्यास सरळ वाटेवरही यंत्रावर ताण येतो आणि एकदां लावलेला दांडा परत निघत नाहीं. अशा वेळीं दांड्यावर बळजबरी न करतां गाडी थोडी मागें न्यावी. तेवढ्यानें दांडा सुटला, तर पेटींतील दांते दोषी नसून ताणाचें कारण बाहेर आहे असें समजावें.

खालून पाहणी

पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे ना, हें आधीं पाहावें. आवाज करणारा शाफ्ट काढून टाकून तशीच गाडी विकलेली आढळते. शाफ्ट असल्यास तो हातानें पिळून पाहावा; त्याच्या क्रॉसमध्यें ढिलाई दिसतां कामा नये. नंतर ट्रान्स्फर केस व दोन्ही डिफरन्शियल यांतील तेल तपासावें. तेल दुधाळ दिसलें तर ओढ्याओहोळांतून जातांना पाणी शिरलें आहे. तें तत्काळ बदलावें. बुचाच्या चुंबकास राखी रंगाचा बारीक लेप असणें ही नेहमींची झीज होय. लोखंडाचे कण व तुकडे निघाले तरच पेटी खोलण्याचें कारण आहे. थंडींत तेल घट्ट होतें, त्यामुळें पहाटे जड वाटणारा दांडा कांहीं मैल गेल्यावर हलका होतो. हा मोठा दोष नव्हे. परंतु कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल भरलें आहे याची खात्री करावी.

जोडणीची तपासणी

जुन्या जीपांत लोखंडी दांडा असतो; त्याचे सांधे गंजले असल्यास साफ करून तेल द्यावें. अलीकडच्या कांहीं गाड्यांत हें काम हवेच्या ओढीनें किंवा विजेच्या लहान मोटरीनें होतें. हवेच्या नळ्या वाळून चिरतात, आणि गोठ्याशेजारीं उभ्या असलेल्या गाडींत उंदीरही त्या कुरतडतात. इंजिन चालू असतां नळीच्या टोकाशीं बोट धरल्यास ओढ लागली पाहिजे. विजेच्या जोडणींत थंडीनें मंदावलेली बॅटरी व गंजलेले तारांचे सांधे पाहावे. समोरचा दिवा लागला म्हणजे चाकास शक्ति पोंचली, असें मात्र मानूं नये. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हातानें फिरवावयाचे हब आहेत, तेथें दोन्ही हब लावल्यावांचून नुसत्या दांड्याचा उपयोग नाहीं.

निर्णायक परीक्षा

गाडी सपाट व टणक जागीं उभी करून मागील चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावावे. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा, चार चाकांचा दांडा लावावा व दोन्ही हब जोडावे. नंतर पुढचें एकच चाक जॅकनें उचलून आंसाखालीं भक्कम ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखालीं शिरूं नये. आतां उचललेलें चाक हातानें फिरवावें.

थोड्या ढिलाईपलीकडे चाक फिरलें नाहीं, तर पेटीपासून दोन्ही चाकांपर्यंतची जोडणी शाबूत आहे. चाकाबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरला, तर ट्रान्स्फर केस किंवा तिचा दांडा जोडला जात नाहीं. चाक फिरलें पण शाफ्ट स्थिर राहिला, तर दोष त्यापुढें आहे. अशा वेळीं हबाचें झांकण काढून आंतील कांड्याचें टोक चाकाबरोबर फिरतें कीं नाहीं तें पाहावें. न फिरल्यास हब दोषी होय. फिरत असल्यास दुसऱ्या बाजूचें चाक उचलून तीच परीक्षा करावी; दोन्ही हब निर्दोष ठरल्यावरच आंतील कांडें किंवा डिफरन्शियल यांचा संशय घ्यावा.

ही परीक्षा गाडी घेण्यापूर्वी केल्यास सौदा करतांनाही उपयोग होतो. घेतल्यावर महिन्यांतून एकदां मऊ जमिनीवर थोडें अंतर हें चालन लावून गाडी चालवावी, म्हणजे सांधे मोकळे राहतात व तेल सर्वत्र पोंचतें. शेवटीं एक इशारा. चार चाकांचें चालन गाडी ओढण्याच्या कामीं येतें, थांबविण्याच्या नव्हे. निसरड्या उतारावर किंवा हिमाचलाच्या बर्फांत ब्रेक लावतांना आधार टायरांचाच असतो. जी गाडी चढ सहज चढून गेली, तीच उतरतांना सावकाश हांकावी.