अर्धोन्मीलित नेत्र

बालकाच्या पापण्या जन्मतःच खालीं आलेल्या असल्या, म्हणजे घरांत प्रथम चौकशी होते ती सुनेची! तिनें ग्रहणांत भाजी चिरली असेल, असा निर्णय माजघरांत तत्काळ दिला जातो. आमच्या नागपुरांतील सुशिक्षित घरेंही ह्या समजापासून सर्वस्वीं मुक्त नाहींत. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

सुश्रुतानें उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग सांगितले असून त्यांपैकीं २१ वर्त्माचे, म्हणजे पापण्यांचे आहेत. आधुनिक वैद्यकानें पापण्यांचे कांहीं आनुवंशिक विकारही ओळखले. 'ब्लेफॅरोफायमोसिस' हा त्यांतील एक दुर्मिळ विकार होय. ह्यांत डोळ्यांच्या फटी अरुंद असतात, वरच्या पापण्या पुरत्या उचलत नाहींत, नाकाजवळ त्वचेची घडी असते आणि दोन्ही डोळ्यांच्या आंतील कोपऱ्यांमधील अंतर अधिक असतें. असें मूल मान मागें टाकून व भिवया उंचावून पाहतें. मग कोणी त्यास गर्विष्ठ म्हणतो, कोणी झोंपाळू!

ह्याचें मूळ २००१ सालीं सांपडलें. तिसऱ्या गुणसूत्रावरील 'फॉक्स-एल-टू' नामक जनुकांत हा दोष असतो. तो पित्याकडूनही येतो व मातेकडूनही येतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. कित्येकदां दोन्ही कुळें निर्दोष असतांही तो नव्यानेंच उद्भवतो. ग्रहणाचा वा विळीचा येथें कांहीं एक संबंध नाहीं.

ह्या जनुकाचें कार्य स्त्रीच्या बीजकोशांतही असतें. त्यामुळें ह्या विकाराच्या एका प्रकारांत मुलीचे बीजकोश ऐन तारुण्यांतच निकामी होऊं शकतात. दुसऱ्या प्रकारांत दोष पापण्यांपुरताच राहतो. ही गोष्ट लपविण्यांत कन्येचेंच अहित आहे. वेळीं कळली तर तिला योग्य सल्ला मिळतो.

दुसरा धोका दृष्टीचा. पापणीनें बाहुली झांकली, तर मेंदू त्या डोळ्यानें पाहण्यास नीट शिकत नाहीं, आणि बालपण सरल्यावर हें मांद्य केवळ चष्म्यानें जात नाहीं. अशा मुलाची शस्त्रक्रिया लौकर करावी लागते. एरव्हीं साधारणतः तिसऱ्या ते पांचव्या वर्षीं कोपऱ्यांची व नंतर पापण्यांची शस्त्रक्रिया करतात. "मोठें झालें म्हणजे आपोआप सुधारेल," हा वडीलधाऱ्यांचा धीर येथें घातक ठरतो.

नागपुरांत १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१८ पासून एम्सही आहे. सुनेस बोल लावण्यांत जे दिवस जातात, ते नातवंडाच्या दृष्टींतून वजा होतात, एवढें गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावें.