मर्यादित वेळेतील स्वेच्छानुरूप खासगी सहल : जहाज-पर्यटनाची तत्त्वे आणि अहिल्यानगर जिल्हा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. शिर्डी व शनिशिंगणापूर या स्थानांमुळे देशभरातील भाविक येथे येतात. २००९ मध्ये साईनगर शिर्डी हे रेल्वे स्थानक, ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडी येथील विमानतळ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत गाडी सुरू झाली. त्यामुळे दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणे शक्य झाले. परंतु प्रवास सुलभ झाला, तसा जिल्ह्यातील मुक्कामाचा अवधीही आखडला. हाती मोजके तास असलेल्या प्रवाशाने जिल्हा कसा पाहावा, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. सागरी पर्यटनात हाच प्रश्न पूर्वीपासून हाताळला गेला आहे. तेथील तत्त्वे या जिल्ह्यास कितपत लागू पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना

प्रवासी जहाज एखाद्या बंदरात दिवसभर थांबते, तेव्हा प्रवाशांपुढे दोन पर्याय असतात. पहिला, जहाज कंपनीने आखलेली सामूहिक सहल. दुसरा, स्वतंत्र वाहन व मार्गदर्शक घेऊन आपल्या आवडीनुसार आखलेली खासगी सहल. दुसऱ्या प्रकारात स्थळे, त्यांचा क्रम व थांबण्याचा अवधी प्रवासी स्वतः ठरवतो. मात्र परत येण्याची जबाबदारीही त्याचीच असते. कंपनीच्या सहलीस उशीर झाल्यास जहाज सामान्यतः थांबते; स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बॅलार्ड पिअर येथे उतरलेल्या प्रवाशास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व फोर्ट परिसर जवळ आहे. घारापुरीच्या लेण्यांसाठी मात्र गेटवे ऑफ इंडियाहून सुमारे तासाभराचा जलप्रवास करावा लागतो, आणि सोमवारी ही लेणी बंद असतात. जहाज सोमवारी आले तर घारापुरी आपोआपच वगळावी लागते. म्हणजेच अशा सहलीचे नियोजन परतीच्या वेळेपासून उलट दिशेने करावे लागते आणि काय पाहावे यापेक्षा काय सोडावे हे आधी ठरवावे लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील उपयोजन

शिर्डीत उतरलेल्या भाविकाची स्थिती जहाजावरील प्रवाशासारखीच असते. त्याचे जहाज म्हणजे परतीची गाडी वा विमान. दर्शनानंतर त्याच्याकडे आठ तास उरले आहेत असे मानू. शिर्डी–शनिशिंगणापूर सुमारे ७० कि.मी., तेथून अहिल्यानगर शहर सुमारे ३५ ते ४० कि.मी. आणि शहरातून राहुरी-कोल्हारमार्गे शिर्डी सुमारे ८५ कि.मी. आहे. एकूण सुमारे १९० कि.मी. प्रवासास पाच तास धरावेत. साखर कारखान्यांच्या हंगामात नगर–मनमाड मार्गावर उसाच्या वाहनांची वर्दळ असते, म्हणून एक तास राखीव ठेवणे इष्ट. उरतात दोन तास. त्यांपैकी एक शनिशिंगणापूरच्या दर्शनास दिल्यास शहरासाठी एकच तास मिळतो.

या एका तासात सर्व काही पाहणे अशक्य आहे. म्हणून निवड करावी लागते. इतिहासाची आवड असणाऱ्याने भुईकोट किल्ला निवडावा. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या या नगरीचा किल्ला चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढविला. १९४२ ते १९४५ या काळात पंडित जवाहरलाल नेहरू येथे स्थानबद्ध होते व ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी येथेच लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाविषयी आधी चौकशी आवश्यक ठरते. मुले सोबत असल्यास १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय अधिक सोयीचे. साहित्यप्रेमी प्रवाशाने शहर वगळून नेवासे गाठावे. प्रवरेकाठच्या या गावी ज्ञानेश्वरांनी ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, तो ‘पैस’ खांब येथे आहे. शिवाय शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यातच असल्याने वेळही वाचतो.

याउलट अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर वा रंधा धबधबा यांचा या सहलीत समावेश करू नये. शिर्डीहून भंडारदरा एका बाजूने शंभर कि.मी.हून दूर आहे. त्या परिसरासाठी स्वतंत्र दिवसच हवा.

मार्गदर्शक व वाहन

खासगी सहलीचे यश वाहनापेक्षा मार्गदर्शकावर अवलंबून असते. शहराजवळच्या डोंगरावरील अष्टकोनी वास्तू ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते; प्रत्यक्षात ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. जाणकार सोबत नसेल तर प्रवासी वास्तू पाहून परततो, परंतु चुकीची माहिती घेऊन. वाहनाच्या बाबतीत पिवळ्या क्रमांकपट्टीचे, प्रवासी परवाना असलेले वाहनच घ्यावे. प्रति किलोमीटर दर, किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, पथकर व वाहनतळ शुल्क यांचा उलगडा निघण्यापूर्वीच व्हावा. पूजासाहित्याच्या वा अन्य दुकानांत थांबायचे की नाही, हेही प्रवाशाने आधी सांगावे. अन्यथा सहल प्रवाशाच्या इच्छेने नव्हे, तर दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनच्या हिशेबाने आखली जाते आणि हाती असलेला एकमेव तास त्यातच खर्ची पडतो.

समारोप

खासगी सहल सामूहिक सहलीपेक्षा महाग असते व सर्वांस परवडणारी नाही. परंतु चार-पाच जणांच्या कुटुंबात खर्च विभागला जातो. जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. ठरावीक शिर्डी–शिंगणापूर फेरीत किल्ला, नेवासे यांसारख्या स्थळांना स्थान मिळत नाही; स्वेच्छानुरूप सहलीत ते मिळू शकते. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण दिल्यास त्यांना रोजगार आणि प्रवाशांना विश्वसनीय माहिती, असा दुहेरी लाभ संभवतो. भाविक केवळ एका दिवसासाठी येतो हे वास्तव बदलणारे नाही; त्या दिवसातील एक तास जिल्ह्याच्या इतिहासास मिळावा, एवढे मात्र नियोजनाने साधता येईल.