गावी राहायला जाताय? आधी बावखल बघा!

‘आता गावीच राहायला जाऊ या,’ असं आई-बाबा म्हणाले की घरातल्या कॉलेजवाल्यांचे प्रश्न ठरलेले. नेटवर्क येतं का? कॉलेजला जायचं कसं?

गाव आगाशी असेल, तर उत्तरं सोपी आहेत. विरार स्टेशनपासून बस-रिक्षाने थोडक्यात पोहोचता येतं. विरार ते चर्चगेट साधारण 60 किलोमीटर, फास्ट लोकलने दीडेक तास. एवढी धक्काबुक्की नको असेल, तर विरारचं विवा किंवा वसईचं वर्तक कॉलेज आहेच. शिवाय 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि आगाशीही तिच्यात आली. म्हणजे शहर सोडूनही राहायचं महापालिकेतच!

मग गाव उरलं कुठे? ते वाडीत. केळीच्या बागा, पानवेली, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली गोड सुकेळी... आणि वाडीच्या कडेला बावखल.

बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायला पूर्वजांनी खणलेलं छोटं तळं. ते पाणी जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना पुरतं. अर्नाळ्याचा समुद्र जवळच आहे. जमिनीतलं गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी आत सरकतं, विहिरी मचूळ होतात. पूर्वी वाड्यांना रहाटाने पाणी दिलं जायचं. पंप आले, रहाट गेले. बावखलांकडे दुर्लक्ष झालं. काहींत कचरा पडला, काही बुजवून वर बांधकामं झाली.

खरी गोम इथेच आहे. गावी परतणाऱ्या घराला जुनं घर अपुरं पडतं. नवं बांधायचं, गाडी लावायची, तर जागा कुठली? सगळ्यांची नजर त्या ‘पडीक खड्ड्या’वर जाते. तो बुजवला की अंगण मोठं होतं. पण पावसाचं पाणी घराभोवती तुंबतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मग शहर सोडून मिळवलं काय?

निर्णय मोठी माणसं घेतील, पण तिथे पुढची चाळीस वर्षं राहायचंय तुम्हाला. म्हणून घराच्या नकाशावर चर्चा सुरू झाली की तुम्हीही बोला. सातबारावर नावं कुणाकुणाची? मे महिन्यात विहिरीला पाणी किती, गोडं की मचूळ? पावसाचं पाणी जातं कुठे? आणि सामान बांधण्याआधी आजी-आजोबांबरोबर वाडीत एक चक्कर मारा. बावखल बुजलं असेल, तरी ते कुठे होतं हे त्यांना बरोबर आठवत असेल.